डावी बाजू

कानसेनांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी उभा जन्म घालवला, आणि तिथे साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना कानसेनच म्हणत. काचेच्या पलीकडे वाचणारा बसायचा आणि अलीकडे हेडफोन चढवून हे. वाचणाऱ्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले की त्याच्याआधी यांना कळायचं. "थांबा. खुर्ची करकरली. परिच्छेद पुन्हा घ्या," असं ते शांतपणे सांगायचे आणि समोरचा मुकाट्याने मागच्या पानावर जायचा. वाचायला येणाऱ्या एक बाई तर एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "धन्य आहे तुमची बायको. घरात श्वास तरी घेऊ देता का हो तिला?"

बायकोला तसली काही अडचण नव्हती. संध्याकाळी घरी आले की कानसेन चपलांबरोबर आपले कानही दारातच काढून ठेवायचे. ती नळ गळतोय म्हणून सांगायची, लेकीच्या शाळेतलं काहीबाही सांगायची, आणि हे प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणायचे. "बाहेर टाचणी पडली तर यांना ऐकू जातं," ती शेजारणीला सांगायची, "आणि घरात मी धाडकन पडले तरी विचारतील, चहा झाला का?" हे सांगताना ती स्वतःच आधी हसायची. राग धरून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे कानसेनांचं आयतंच फावलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की ज्या माणसाने शेकडो परक्या माणसांचे आवाज जपून ठेवले, त्याने बायकोचा आवाज कधी घेतलाच नाही. लग्नानंतर एकदा विषय निघाला होता. "माझा किरटा आवाज कशाला हवाय तुम्हाला?" असं म्हणून तिने उडवून लावलं. मग उद्या घेऊ, सुट्टीत घेऊ, असं करत ते राहून गेलं. आवाज रोजचा होता, घरातला होता. तो पळून थोडाच जाणार होता?

निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने दोन माइक घेतले आणि कसे आहेत ते बघायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. एक स्वतःसमोर, एक तिच्यासमोर. ती मटार सोलत बसली होती, तिला उठवायचं नव्हतं. कामाच्या सवयीने त्यांनी दोन आवाज दोन बाजूंना ठेवले. ती टेबलाशी डावीकडे बसली होती म्हणून तिचा आवाज डाव्या कानात, आपला उजव्या. चाचणीच ती, त्यात काय असणार? हे सांगताहेत, "जरा पुढे सरक. आता जागची हलू नकोस हं. मान फिरवलीस की आवाज पळतो." आणि ती म्हणतेय, "नाही हो हलत. मी कुठे जातेय?" मग पातेल्यात मटारचे दाणे पडल्याचा आवाज, तिचं हसणं, आणि यांचं माइकच्या गुणांवर लांबलचक व्याख्यान.

त्याच वर्षाच्या शेवटी ती गेली. आजार असा फारसा झालाच नाही. दवाखान्यात नेलं आणि परत आणलं नाही, इतकंच. घरात तिच्या साड्या राहिल्या, चष्मा राहिला आणि ही चाचणी राहिली. कानसेन रोज दुपारी जेवण झालं की खोलीत जाऊन हेडफोन लावायचे आणि ती चाचणी ऐकायचे. हे हेडफोन त्यांच्या कामावरचेच, संस्थेने निरोपाच्या वेळी दिलेले. त्यावरची डावी-उजवीची अक्षरं पुसट झाली होती, म्हणून बायकोने डाव्या गादीच्या कडेला दोऱ्याची एक गाठ मारून दिली होती, न बघता बोटाला कळावी म्हणून. कानसेनांनी हेडफोन कधी उलटे घातले नाहीत. उलटे जोडे घालून कोणी रस्त्याने चालतं का, असं ते म्हणत.

मग तिचा आवाज हळूहळू उतरायला लागला.

आधी त्यांना वाटलं, संगणकाचं हेडफोनचं भोक झिजलंय. पिन घालून काढून, घालून काढून सैल होतंच ते. त्यांनी लेकीजवळ तक्रार केली. लेक आईवर गेलेली. ती वडिलांसोबतच राहायची आणि एका कचेरीत हिशेबाचं काम करायची. तिने चार ठिकाणी चौकशी केली आणि एका संध्याकाळी एक खोकं आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. आत विटेच्या अर्ध्या आकाराचा काळा धातूचा डबा होता. पुढे एक मोठं बटण, एक जाड भोक, एक बारीक भोक आणि जोर कमीजास्त करायचा एक इवलासा खटका. मागे संगणकाची वायर लावायची जागा.

"दुकानदार म्हणाला, याला डॅक म्हणतात," लेक म्हणाली.

"डॅक आणि अॅम्प्लिफायर, दोन्ही एकात आहेत," कानसेन म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली होती. "संगणकात आवाज नसतोच, बाई. नुसते आकडे असतात. हा डबा आधी त्या आकड्यांचा परत आवाज करतो, आणि मग त्याला हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो. संगणकालाही ते जमतं, पण घाईगर्दीत. पाट्या टाकल्यासारखं. हा नीट करतो."

त्यांनी तो डबा अगदी रीतसर जोडला. वायर आधी डब्याला, मग संगणकाला. दिवा लागला. संगणकाला सांगितलं, आता आवाज या डब्याकडे पाठव. संगणकातला आवाज एकदाच पूर्ण वर नेऊन ठेवला आणि लेकीला ताकीद दिली, "याला पुन्हा हात लावायचा नाही. कमीजास्त करायचं ते या बटणाने." खटका कमी जोराकडे ठेवला. बटण शून्यावर आणलं, कारण भरल्या आवाजात हेडफोन घालणं म्हणजे कानाखाली वाजवून घेणं. मग जाड पिन शेवटपर्यंत दाबली, टक् असं वाजेपर्यंत. बोटाने गाठ चाचपली. डावा डाव्या कानावर, उजवा उजव्यावर. आणि बटण अगदी हळू फिरवलं.

उजवीकडून त्यांचाच आवाज आला, इतका स्वच्छ की जीभ टाळ्याला लागलेली कळावी. "जरा पुढे सरक."

डावीकडे काहीच नव्हतं. बायको होती, पण यांच्या माइकमध्ये ओझरती आली असेल तेवढीच. दोन घरं पलीकडे कोणी बोलावं तशी.

"कसं येतंय?" लेकीने विचारलं. ती डावीकडे उभी होती. कानसेनांनी हेडफोन काढले, तिच्याकडे बघितलं, आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "डबा सदोष आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कानसेनांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती. आता त्यांनी अंगणाची एकेक फरशी उचकटून बघायला घेतली. पिन काढून पुसली. संगणकात डाव्या-उजव्याचा समतोल बघितला, तो बरोबर मध्यावर होता. मागची वायर बदलली. खटका जास्त जोराकडे नेला, तेव्हा उजव्या कानात त्यांचाच आवाज असा किंचाळला की डोळ्यांत पाणी आलं आणि डावीकडे मात्र तोच शुकशुकाट. लेक म्हणाली, "बाबा, स्पीकरवर लावून बघू या का?" तर ते खवळले. "तुझ्या आईचा आवाज असा खोलीत उघडा सोडायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून ते दुकानात गेले. दुकानदाराने स्वतःचे हेडफोन लावले, एक गाणं लावलं आणि मान डोलावली. "काका, दोन्ही बाजू ठणठणीत आहेत."

"तुमचे कान तपासून घ्या," कानसेन म्हणाले.

दुकानदार बिचारा भला होता, त्याने डबा बदलून दिला. नव्या डब्याचंही तेच. मग घरात अधूनमधून वायरी यायला लागल्या. जाड, बारीक, कापडाने गुंडाळलेल्या. टेबलाचं भंगाराचं दुकान झालं आणि बायकोचा आवाज होता तिथेच, दोन घरं पलीकडे.

आता कानसेनांना खरंच काही कळत नव्हतं का? कळत होतं. फोन ते नेहमीच उजव्या कानाला लावायला लागले होते. रस्त्यात मागून घंटा वाजली तर भलत्याच बाजूला बघायचे, आणि एकदा एका सायकलवाल्याने त्यांना चांगलंच सुनावलं होतं. जेवताना डावीकडे बसलेली लेक काही म्हणाली की ते "हं" म्हणायचे आणि ती बिचारी समजायची की बाबा नेहमीसारखेच आहेत. जन्मभराच्या "हं"ने त्यांना असं पाठीशी घातलं होतं. एकदा लेक भीतभीत म्हणाली, "कानाच्या डॉक्टरांना दाखवू या का?" तेव्हा त्यांनी ताट सारलं. "माझ्या कानाला डॉक्टर? अगं, या कानांवर संस्था चालली!" लेकीने पुन्हा विषय काढला नाही. कळतं पण वळत नाही तो हा प्रकार, आणि न वळण्याला कारणही तसंच होतं. वायर गेली तर नवी आणता येते, डबा बदलून मिळतो. पण कान गेला असेल, तर त्या बाजूची बायको दुसऱ्यांदा गेली आणि आता ती कुठल्याच दुकानात दुरुस्त होणार नव्हती. ही भीती होती. ती त्यांनी स्वतःलासुद्धा कधी शब्दांत सांगितली नव्हती.

शेवटी हेडफोनच खराब असतील असं ठरवून ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे संस्थेतला यंत्रं दुरुस्त करणारा त्यांचा जुना जोडीदार. दोघे एकाच वर्षी लागले, एकाच वर्षी सुटले. मिस्त्रीने घराच्या मागच्या खोलीत अजून छोटंसं काम चालू ठेवलं होतं. टेबलावर सोल्डरची बंदूक, पेल्यात स्क्रू, भिंतीवर उघडी पोट असलेले रेडिओ. एरवी दोघे भेटले की एकमेकांच्या टकलावरून सुरुवात व्हायची. आज कानसेनांनी हेडफोन पुढे केले. "डावी बाजू मुकी झालीय."

मिस्त्रीने काही न विचारता हेडफोन उघडले. आतले तारेचे टाके बघितले. खात्री म्हणून वायरच नवी टाकली, दोन्ही टोकांना नीट डाग दिला, आणि हेडफोन कानाला लावून त्याच्या जुन्या यंत्रावर काहीतरी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि कानसेनांकडे बघत राहिला.

तो उठला. फडक्याला हात पुसत त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "तुझं टक्कल आता माझ्यापेक्षा मोठं झालं बघ."

कानसेन समोरच्या रेडिओकडे बघत बसले होते. ते तसेच बसून राहिले.

मिस्त्री वळसा घालून उजवीकडे आला, स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याची अक्कल त्या भाबड्या माणसाला नव्हती. "अरे," तो म्हणाला, "नव्या पोरांना तू पहिला धडा कुठला द्यायचास?"

कानसेन पेल्यातले स्क्रू चाळवायला लागले. मग मिस्त्रीनेच सांगितलं.

"एक बाजू मुकी झाली की वायरीला शिव्या घालू नका. आधी हेडफोन उलटे घाला. मुकेपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष यंत्राचा. त्याच कानात राहिला, तर..." मिस्त्री थांबला. "तो एकजण नव्हता का, कानात मळ भरलेला? आपण किती हसलो होतो."

"हो. हसलो होतो."

"तू उलटे घालून बघितलेस का?"

"बघितले," कानसेन म्हणाले. आणि मग, "नाही बघितले."

"इथे नको बघूस," मिस्त्री म्हणाला. "घरी जा. दार लावून घे आणि बघ. मग ये माझ्याकडे, चहा पिऊ."

कानसेन घरी आले तेव्हा दुपार होती. लेकीला सुट्टी होती. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. ते खोलीत गेले, पण दार लावायचं विसरले. डब्याचा दिवा लागला. खटका कमी जोराकडे. बटण शून्यावर. पिन टक् वाजेपर्यंत. सगळं रोजच्यासारखं, फक्त हेडफोन हातात घेतल्यावर हात पुढे जाईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललं होतं त्यांचं इतके दिवस. पण कळसा रिकामा निघाला तर काय करायचं, हे त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

त्यांनी हेडफोन फिरवले. दोऱ्याची गाठ आयुष्यात पहिल्यांदा उजव्या गालाला टोचली. बटण फिरवलं.

"झालं का तुमचं सुरू? बोलू का मी?"

ती इतकी जवळ होती की कानसेन खुर्चीत मागे सरकले. किरटा आवाज. खरंच किरटा होता, आणि त्याच्या तळाशी थोडी घरघर होती, जी त्यांनी एवढ्या वेळा ऐकूनही कधी ऐकली नव्हती. पातेल्यात दाणे पडत होते, एकेक वेगळा. शेंग फुटताना होणारा बारीक चट्ट आवाज. तिच्या बांगडीचा टेबलाच्या कडेला लागल्याचा आवाज. वायर ठीक होती. डबा ठीक होता, पहिलासुद्धा. गरीब दुकानदाराचे कान तर उत्तम होते. कानसेनांना हे सगळं एकदम समजलं आणि ते रडायला लागले, आणि त्यांना सांगता आलं नसतं की ती सापडली म्हणून रडताहेत की कान गेला म्हणून. दोन्ही एकाच बटणाने झालं होतं.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आता तेच कुठे नाहीत. त्यांचा आवाज मेलेल्या कानावर पडत होता. तिच्या माइकमध्ये शिरलेली त्यांची बडबड फक्त पुटपुटल्यासारखी येत होती, शब्द लागत नव्हते. ती एकटीच टेबलाशी बसून बोलत होती. "हो," म्हणत होती. "असं होय?" म्हणत होती. त्यांच्या त्या माइकपुराणात, जिथे आजवर त्यांना स्वतःचाच आवाज भरून ऐकू यायचा, तिथे ती मध्येच अगदी हळू म्हणाली, "बोला, बोला. किती दिवसांनी बोलताय." आणि एक शेंग फोडली.

ते त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. टेबलाशी तिच्याजवळ बसूनही नाही, आणि नंतर रोज ऐकूनही नाही. स्वतःच्या आवाजाखाली ते दबून गेलं होतं. कानसेन म्हणे.

त्यांनी चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली. ती म्हणाली, "बोलू का मी?" आणि पुढे शांतता आली, त्यांच्या जागेची. ती तशी रिकामी ठेवणं त्यांना बघवेना. काय बोललो होतो ते पाठ होतं. ते मोठ्याने म्हणाले, "बोल की. जरा पुढे सरक."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आता जागची हलू नकोस हं," कानसेन म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "मान फिरवलीस की आवाज पळतो."

"नाही हो हलत. मी कुठे जातेय?"

भांडी लावता लावता लेक दारात येऊन उभी राहिली होती. तिला आईचं काही ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होते ते उलटे हेडफोन घातलेले बाबा, भिंतीशी बोलणारे. लहानपणापासून या घरात वाढलेल्या पोरीला उलट्या हेडफोनचा अर्थ सांगावा लागत नाही. ती आत आली आणि डावीकडे, नेहमीच्या जागी खुर्ची ओढून बसली. "बाबा," ती म्हणाली. "बाबा." त्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा तिने त्यांच्या दंडाला हात लावला.

कानसेनांनी बटण शून्यावर आणलं, मग हेडफोन काढले. डोळे पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"तिकडे नको बसूस," ते म्हणाले. "त्या कानाने मला ऐकू येत नाही आता. इकडे ये."

लेक उठली, खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून उजवीकडे आणली. कानसेनांनी हेडफोन तिच्या हातात दिले. मग तिच्याकडे उजवा कान करून बसले आणि म्हणाले, "तुझी आई काय म्हणतेय ते आधी ऐक. आणि मग तुला काय सांगायचं असेल ते सांग. सगळं सांग. मी ऐकतोय."